मदत हवी आहे: स्लीव्हमोरच्या ओसाड घरांत कोण राहत होतं?

आयर्लंडच्या मेयो काउंटीत अचिल बेटावर स्लीव्हमोर नावाचा टाउनलँड आहे (आपल्याकडच्या मौजासारखा). डोंगरउतारावर दगडी घरांची ओळच्या ओळ, छपरं नाहीत. पाहून जीव हळहळतो. तिथल्या कुटुंबांची नावं मला घरागणिक लावायची आहेत.

१८३८चा ऑर्डनन्स सर्व्हे नकाशा पाहिला, त्यात घरं आहेत पण नावं नाहीत. ग्रिफिथच्या मूल्यांकनात (एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात करआकारणीसाठी झालेली जमीन-घरांची पाहणी) नावं आहेत, पण जमीन सामाईक कसत असल्याने कोणतं घर कोणाचं ते कळत नाही. १८२१ ते १८५१च्या जनगणनेची बहुतेक कागदपत्रं डब्लिनच्या सरकारी अभिलेखागाराला १९२२ मध्ये लागलेल्या आगीत गेली. १९०१ आणि १९११ची जनगणनाही चाळून झाली.

ग्रिफिथनंतर कब्जेदार बदलले की मूल्यांकन कार्यालय ते रंगीत शाईने दुरुस्ती-वह्यांत नोंदवायचं; त्या वह्यांतून घर आणि नाव यांचा दुवा लागतो का? डब्लिनला न जाता त्या मिळवायच्या कशा?