‘अरेवूत’ : जबाबदारी की जामीनकी?

अर्धविराम

यहुदी धर्मावरच्या एका मजकुराचं मराठी करताना ‘कोल यिस्राएल अरेविम झे बाझे’ हे वाक्य वारंवार आडवं येतं. ‘सगळे यहुदी एकमेकांसाठी जबाबदार आहेत’ असं लिहून पाहिलं, पण ते शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारासारखं दिसतं. माणसाने स्वतःचं धर्माचरण चोख ठेवलं की भागलं, की लोकांचंही तो काही देणं लागतो, हा त्या प्रकरणाचा विषय आहे. ‘अरेविम’मागच्या ‘अरेवूत’ला नेमका शब्द कोणता? आणि ‘यिस्राएल’ला इथे राष्ट्र म्हणायचं का?

मोडीवाचक

जबाबदारी टाका, जामीन घ्या. ‘अरेव’ हा देण्याघेण्यातलाच शब्द आहे. उत्पत्ती ४३:९ मध्ये यहूदा बापाला सांगतो की धाकट्या बन्यामिनासाठी मी जामीन राहतो, तो परत आला नाही तर दोष माझा. तिथे हेच क्रियापद आहे. नीतिसूत्रे ६:१ मध्ये शेजाऱ्याला जामीन राहिलास तर अडकलास, अशी ताकीद आहे, तिथेही हेच. याच घरातला ‘एरावोन’ म्हणजे गहाण ठेवलेली वस्तू. अरबीत ‘अरबून’ म्हणजे आपला इसार.

तुमचं वाक्य तालमूद या यहुदी धर्मशास्त्राच्या चर्चाग्रंथातल्या शेवुओत ३९अ या पानावरचं. लेवीय २६:३७ मध्ये ‘ते एकमेकांवर अडखळून पडतील’ असं आहे. त्याचा अर्थ तिथे ‘एकाच्या पापापायी दुसरा पडेल’ असा लावलाय आणि लगेच मर्यादा घातलीय: ज्याला अडवता येत होतं आणि ज्याने अडवलं नाही, त्यालाच हे लागू. म्हणजे सरसकट सगळ्यांच्या डोक्यावर खापर नाही. ‘सामूहिक जबाबदारी’ म्हटलं की ही अट गळून पडते.

एक बारकावा. मूळ पानावर ‘झे बाझे’ आहे, लोकांच्या तोंडी मात्र ‘झे लाझे’ बसलंय. ‘ला’ने ‘एकमेकांसाठी जामीन’ असा सरळ अर्थ होतो. ‘बा’ने ‘एकमेकांत’ होतं, आणि ‘अरेव’च्या मूळ तीन अक्षरांचा दुसरा अर्थ ‘मिसळणं’ असल्यामुळे प्रवचनकारांनी त्यावर ‘एकमेकांत कालवलेले’ असा अर्थ चढवला. छान आहे, पण तो श्लेष आहे. भाषांतरात जामीनच ठेवा.

खर्डेघाशी

सहमत, एका दुरुस्तीसह. आपल्याकडचा बँकेचा जामीनदार आणि तालमूदी अरेव यांत फरक आहे. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १२८ प्रमाणे जामीनदाराचं दायित्व ऋणकोइतकंच असतं. करारात वेगळं ठरलं नसेल तर धनको थेट जामीनदाराच्या दारात उभा राहू शकतो. यहुदी कायद्यात साध्या अरेवकडे जाण्याआधी धनकोने ऋणकोकडून वसुलीचा प्रयत्न करावा लागतो. थेट ज्याला धरता येतं तो ‘कबलान’, म्हणजे ‘त्याला दे, मी तुला देतो’ असं बोललेला माणूस. तेव्हा ‘जामीन’ लिहिलंत तरी टीपेत ‘आधी ज्याचं देणं त्याच्याकडेच मागणं’ एवढं घाला. नाहीतर वाचकाला वाटेल, शेजारी शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) पाळत नाही म्हणून शिक्षा पहिल्यांदा मलाच.

आणि आजच्या वर्तमानपत्री मराठीत ‘जामीन’ म्हटलं की ‘जामीन फेटाळला’ तेवढंच आठवतं. ‘जामीन राहणे’ असं क्रियापदासकट वापरा, घोळ होणार नाही.

अर्धविराम

‘जामीन राहणे’ पटलं. पण हा शब्द नुसता उपदेशात राहतो, की रोजच्या आचरणातही त्याने काही घडतं?

मोडीवाचक

घडतं, आणि भाषांतर खरं तिथेच तपासलं जातं. शुक्रवारी रात्रीचं किद्दूश घ्या, म्हणजे शब्बाथ सुरू होताना द्राक्षारसावर म्हणायचा आशीर्वाद. रेव्हिईतभर द्राक्षारस लागतो. हे माप कमीत कमी मोजणाऱ्यांच्या लेखी ८६ मिलिलिटर, जास्तीत जास्त मोजणाऱ्यांच्या लेखी १५०. (कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, म्हणजे बेने इस्राएल, वाइनऐवजी काळ्या मनुका भिजवून काढलेलं शरबत घेत आले.) आता समजा, एकाने घरी किद्दूश केलंय आणि शेजारच्या आजारी माणसाला ते म्हणता येत नाही. पहिल्याचं कर्तव्य उरकलेलं, तरी तो दुसऱ्यासाठी पुन्हा म्हणू शकतो, कारण दुसऱ्याचं देणं बाकी असेपर्यंत जामिनाचा पाय मोकळा होत नाही. तालमूदमधल्या रोश हशाना २९अ वरच्या नियमाचं राशी या भाष्यकाराने हेच कारण दिलंय. त्याने स्वतः पुन्हा प्यायलाच पाहिजे असंही नाही, ऐकणाऱ्याने गालभर घोट घेतला तरी चालतं.

उलट, साध्या दिवशी जेवणाआधीचा पावावरचा आशीर्वाद, स्वतः जेवणार नसाल तर, दुसऱ्यासाठी म्हणता येत नाही. जेवलंच पाहिजे अशी कुणावर सक्ती नाही. कर्जच नाही, तर जामीन कशाचा? ‘जबाबदारी’ लिहिलंत तर हा फरक वाचकाला कधीच उलगडणार नाही.

चुका कुठे होतात तेही सांगतो. म्हणणाऱ्याच्या मनात ‘याचंही फेडतोय’ आणि ऐकणाऱ्याच्या मनात ‘माझं फिटतंय’ असं दोन्हीकडे हवं, नाहीतर फिटत नाही. लहान मुलाने मोठ्यासाठी म्हटलेलं लागू पडत नाही, कारण ते मूल स्वतःच बांधलेलं नाही. आणि देवाचं नाव आलं की सवयीने मधेच ‘बारुख हू उवारुख शेमो’ (तो धन्य, त्याचं नाव धन्य) म्हणणं इथे नको, बहुतेक शास्त्री त्याला खंड मानतात. शेवटी फक्त आमेन.

अलिबागकर

‘राष्ट्र’बद्दल. नका लिहू. मूळ कल्पना ‘क्लाल यिस्राएल’ची आहे. क्लाल म्हणजे समष्टी, त्याच्या समोर प्रात म्हणजे व्यष्टी. ही जोडी मराठीत तयार पडली असताना राष्ट्र कशाला? राष्ट्र म्हटलं की वाचक १९४८ साली झालेल्या राज्याकडे जातो. त्याला ‘मेदिना’ म्हणतात. लोक म्हणजे ‘आम’. अलिबाग, पेणकडे तेलघाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनिवार तेली’ म्हटले जाणारे बेने इस्राएल मेदिनेच्या कितीतरी आधी क्लालमध्ये होते. पुढे इस्रायलला गेल्यावर त्यांच्याच लग्नांच्या वेळी रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, मंडळाने वंशाची चौकशी लावली आणि १९६४ साली संसदेला, म्हणजे क्नेसेतला, त्यांना पूर्ण यहुदी मानण्याचा ठराव करावा लागला. क्लाल आणि मेदिना एकच धरलंत तर हा तंटा कशावरून झाला तेच सांगता येणार नाही.

खर्डेघाशी

समष्टी योग्य, पण जड आहे. पैशांच्या जागी आल्यावर साधी मराठी वापरा. ‘मखात्सित हाशेकेल’ला, म्हणजे मंदिरासाठी द्यायच्या अर्ध्या शेकेल नाण्याला, अनेक जण ‘देणगी’ लिहितात, ते चूक. ती वर्गणी आहे. निर्गम ३०:१५ प्रमाणे श्रीमंताने अर्ध्या शेकेलपेक्षा जास्त द्यायचं नाही, गरिबाने कमी नाही. मिश्ना या तालमूदच्या गाभ्यातल्या नियमसंग्रहातलं वेळापत्रक असं: अदार महिन्याच्या १ तारखेला दवंडी, १५ ला गावोगाव सराफांची मेजं, २५ ला जेरुसलेमच्या मंदिरात, आणि तेव्हापासून न देणाऱ्याची वस्तू तारण म्हणून उचलायची. रोजचा सकाळ-संध्याकाळचा बळी याच पैशांतून. एखाद्या धनिकाने ‘आजचा माझ्यातर्फे’ म्हटलेलं चालत नसे. द्यायचंच तर आधी पूर्णपणे समाजाच्या नावावर करून टाकायचं. आपल्या गणपतीत मांडवावर दात्याचं नाव झळकतं, तसलं काही तिथे नाही.

अर्धविराम

आणि ‘तोरातो उमनुतो’? लष्करभरतीच्या बातम्यांत येतं. ‘तोरा (धर्मशास्त्राचं पठण) हाच त्याचा व्यवसाय’ असं केलंय.

मोडीवाचक

उमनुत म्हणजे हातचं कसब, पोटाचा उद्योग. ‘व्यवसाय’ चालेल. पण मूळ प्रयोग (तालमूदमधलं शब्बाथ ११अ हे पान) रब्बी शिमोन बार योखाय आणि त्यांच्या सोबत्यांसारख्या, पठणात खंड न पाडणाऱ्या मूठभरांसाठीचा आहे. प्रार्थनेसाठीही ते पठण थांबवत नसत, असा तो संदर्भ. १९४८ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान बेन-गुरियननी सैन्यसेवेतून सवलत दिली ती सुमारे ४०० विद्यार्थ्यांना. १९७७ नंतर संख्येची मर्यादा उठली आणि जून २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की सरसकट सूट द्यायला आता कायद्याचा आधार उरलेला नाही. दुसरी बाजू ‘मिल्खेमेत मित्झवा’, म्हणजे आज्ञेने लढायचं युद्ध, दाखवते: मिश्ना म्हणते, अशा युद्धात नवरदेवही आपल्या खोलीतून आणि नवरी मांडवातून निघते. इथे मित्झवा म्हणजे ‘पुण्य’ लिहू नका. ती आज्ञा आहे. पुण्य ऐच्छिक वाटतं. माझं मत विचाराल तर मूठभरांसाठीचा शब्द घाऊक वापरल्यानेच हे भांडण एवढं चिघळलंय.

अलिबागकर

अजून दोन शब्द. ‘पोरेश मिन हात्सिबूर’ला ‘बहिष्कृत’ लिहिलेलं पाहिलंय. उलटं आहे ते. त्याला कुणी वाळीत टाकलेलं नाही, तोच फटकून राहतो. मध्ययुगीन धर्मशास्त्री मायमोनिदीसच्या मते अशा माणसाने एकही पाप केलेलं नसलं, पण तो लोकांच्या संकटात सामील होत नसेल, त्यांचे रोजे धरत नसेल, तरी येणाऱ्या जगात त्याला वाटा नाही. आणि मी मुद्दामच ‘रोजे’ लिहिलं. बेने इस्राएलांच्या मराठीत तोच शब्द आहे, मंदिर पाडल्याच्या दिवसाला ते वालांवरून ‘बिरड्याचा रोजा’ म्हणतात. ‘उपवास’ लिहिलंत की आपला वाचक साबुदाणा भिजत घालतो. हा सुमारे २५ तासांचा, पाण्याचा थेंबही नाही असा.

अर्धविराम

शेवटचं अडलंय. योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, कबुलीतलं ‘आशाम्नू’. ‘आपण अपराध केला’ की ‘आम्ही’?

मोडीवाचक

‘आम्ही’. हिब्रूत आम्ही-आपण असा भेद नाही, पण समोर देव आहे. ‘आपण’ म्हटलंत तर त्यालाही अपराधात ओढाल. अनेकवचन मात्र हलवू नका. मनातल्या मनात, एकट्याने म्हणतानाही ‘आम्ही’च असतं, जे पाप स्वतः केलेलं नाही त्यालाही, आणि प्रत्येक शब्दाला मुठीने छातीवर हलका ठोका. शब्द अकारविल्हे आहेत, २२ अक्षरांना २४ क्रियापदं, कारण शेवटच्या ‘ताव’ला तीन. मराठीत अ ते ज्ञ जमवायच्या भानगडीत पडू नका, ‘ण’ला काही सापडणार नाही.