मदत हवी आहे: सॅमनची पिल्लं गरगर फिरून मरतायत

सायलीची_आई: मुलीच्या वर्गातल्या टाकीतली पिल्लं कालपासून गोल गोल फिरतायत, मग आडवी होऊन तळाला बसतात. आज सकाळी अकरा गेली. पाणी बदललं, तरी तेच. मुलं रडकुंडीला आलीत. काय करू? लवकर सांगा.

गप्पीवाला_पुणे: बुरशी असणार. मीठ आणि मिथिलीन ब्लू टाका. माझ्या गप्पींना दर वेळी गुण येतो.

नदीकाठ: थांबा, काही टाकू नका. राहता कुठे? सॅमन कुठला? तापमान किती? पोटाखालची पिवळी पिशवी संपली का?

सायलीची_आई: सॅक्रामेंटो, कॅलिफोर्निया. चिनूक जातीचा. चिलर ११ सेल्सिअसवर. पिशवी संपत आलीय, पण खात नाहीत. अंडी हॅचरीतून (माशांची अंडी उबवतात तिथून) आली. पाणी खराब आहे का, एवढंच सांगा ना.

मत्स्यमित्र: गरगर फिरणं म्हणजे व्हर्लिंग डिसीज, परजीवीमुळे होणारा आजार. नक्की तोच. टाकी रिकामी करा.

नदीकाठ: त्या परजीवीला आधी चिखलातला ट्युबिफेक्स किडा लागतो, लक्षणं दिसायलाही काही आठवडे जातात. या टाकीत चिखल कुठला?
ताई, हेच २०२० साली तुमच्याकडच्या हॅचऱ्यांमध्ये दिसलं होतं. समुद्रात अँकोव्ही नावाच्या छोट्या मासळ्या फार वाढल्या, मोठे सॅमन त्याच खात राहिले. अँकोव्हीत थायमिनेज असतं, ते बी१ जीवनसत्त्व (थायमिन) मोडतं. आईकडूनच अंड्यात बी१ कमी उतरतं आणि पिशवी संपता संपता पिल्लू कोलमडतं. तिथे पिल्लं थायमिनच्या पाण्यात ठेवली, तर काही तासांत सरळ पोहू लागली. अंडी देणाऱ्यांना आत्ता फोन करा. मात्रा त्यांनाच ठरवू द्या, पिल्लं पुढे नदीत सोडायची आहेत.

गप्पीवाला_पुणे: फोन होईपर्यंत सगळी मरतील. मीठ तरी टाका.

नदीकाठ: मिठाने बी१ मिळत नाही हो.

केळशीकर: आमची मांदेली अँकोव्हीच्याच कुळातली! आता खायची की नाही?

निवृत्त_डॉक्टर: बिनधास्त खा, शिजवल्यावर थायमिनेज निकामी होतं. पण हा तर माशांचा बेरीबेरी, म्हणजे बी१ कमी पडल्याचा आजार झाला. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळावर राहणाऱ्या माणसांना व्हायचा, तोच. मी अजून हातसडीचाच भात खातो.

स्टॉकहोमची_मराठी: बाल्टिक समुद्रातल्या सॅमनलाही हेच होतं. १९७४ साली लक्षात आलं म्हणून नाव एम७४. इथे ते स्प्रॅट आणि हेरिंग हे छोटे मासे खातात.

सायलीची_आई: फोन केला. विचारलं तेव्हा कळलं की यंदा तिथेही अशी पिल्लं आहेत. आम्हाला आधी का नाही सांगितलं? त्यांचा माणूस दुपारी थायमिन घेऊन आला. संध्याकाळी सात पिल्लं सरळ पोहत होती, बाकीची अजून तळाशीच. सायली विचारतेय, नदीतल्या पिल्लांना कोण देणार?

नदीकाठ: त्यांना असं देता येत नाही. हॅचरीत आणलेल्या माद्यांना अंडी काढण्याआधी बी१चं इंजेक्शन देतात. नदीतल्या खडीत स्वतः अंडी घालणाऱ्या मादीला मात्र समुद्रात काय खायला मिळालं, त्यावरच सगळं. उद्या किती खायला लागली ते नक्की लिहा.

मत्स्यमित्र: व्हर्लिंगची शंका म्हणून शेपटी काळी पडलीय का, तेवढं बघाच.