परदेशात रुळताना: तुमचे अनुभव लिहा

देश सोडून दुसरीकडे राहिलेल्यांनी लिहा. काय बदललं, काय मुद्दाम बदलू दिलं नाही. व्हिसाच्या शंका इथे नकोत प्लीज. माझ्यापासून सुरुवात करते. ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० मध्ये कल्चर शॉकचे टप्पे मांडले, आधी सगळं छान छान, मग चिडचिड, मग हळूहळू जुळवून घेणं. माझा पहिला टप्पा आलाच नाही, एअरपोर्टवरूनच चिडचिड सुरू :) नवरा मात्र अजून छान छानमध्येच आहे आणि भांडणं होतात ती त्यावरूनच.

---

कामापुरती भाषा येत होती हो, लंच टेबलवरची येत नव्हती. मीटिंगमध्ये तासभर बोलायचो पण जेवताना सगळे हसले की मी अर्धा सेकंद उशिरा हसायचो, कारण त्यांच्या लहानपणच्या मालिका, जुने खेळाडू, शाळेतल्या खोड्या, हे कुठल्या क्लासमध्ये शिकवतात?

---

मी शाळेत असताना आईबाबांबरोबर आले. डॉक्टरकडे आईची दुभाषी मीच, डॉक्टर बोलायचे माझ्याकडे बघून, आई नुसती मान हलवायची. घराचा करार वाचून बाबांना मी समजवायचे आणि तेच बाबा संध्याकाळी मला बाहेर जायला परवानगी नाही म्हणून दटावायचे. घरात मोठं कोण तेच कळेना. पोर्तेस आणि रुम्बाउट या समाजशास्त्रज्ञांनी हेच लिहिलंय, मुलं भाषेत पालकांच्या फार पुढे गेली की घरातला अधिकार उलटा होतो. वाचून बरं वाटलं, आमचंच घर विचित्र नव्हतं तर.

---

रुळलोय. मुलंही रुळली. बायको म्हणते परत जाऊ. पुढच्या वर्षी नक्की, असं दरवर्षी ठरतं.

---

नव्या देशात रुळण्याचे मानसशास्त्रज्ञ जॉन बेरीने सांगितलेले चार मार्ग बऱ्याच जणांना माहीत असतील: दोन्ही संस्कृती धरणं, जुनी सोडून नवी घेणं, आपलीच धरून बसणं, नाहीतर दोन्हीकडून तुटणं. मी ऑफिसात एका मार्गावर आणि घरी दुसऱ्या, त्यामुळे मला कुठल्या खान्यात टाकणार देव जाणे. आणि निवड आपल्या एकट्याची नसते हे बेरी स्वतःच सांगतो, समोरचा समाज घ्यायलाच तयार नसेल तर तुम्ही काय डोंबल मिसळणार! "एवढे शिकलेले, तरी मिसळत नाहीत" म्हणणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

---

परतलेल्यांचं पण ऐका की. मी परत आले तर नातेवाईक माझ्या प्रत्येक तक्रारीवर "तू आता तिकडची" म्हणतात आणि तिकडे इतकी वर्षं सगळे विचारायचे, मूळची कुठली गं तू?