मदत हवी आहे: लॉट, सेले, दॉर्दोन्य सायकलवर सहा दिवस. नकाशावरच्या बाणांनी झोप उडवली आहे

सावकाश:

मंडळी, नमस्कार. लेक नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये तुलूझला असते. जूनमध्ये मी (५६) आणि सौ. (५२) तिच्याकडे जातोय. त्यातले सहा दिवस आम्ही दोघांनी सायकलसाठी राखून ठेवलेत. लेक येणार नाही. "तुम्ही दमलात की फोन करा, गाडी घेऊन येते" एवढंच तिचं योगदान.

आखलेला मार्ग असा: तुलूझहून ट्रेनने काओर. तिथून लॉट नदीच्या काठाने सॅं-सिर-लापोपी. मग सेले ही छोटी नदी धरून वर फिझाकपर्यंत. तिथून पठार ओलांडून रोकामादूर, शेवटी दॉर्दोन्यच्या खोऱ्यात सुयाकला उतरायचं आणि ट्रेनने परत. रोजचे ४०-५५ किमी. ॲप म्हणतं, सगळ्यात वाईट दिवसाची एकूण चढाई ७०० मीटरच्या आसपास. आम्ही सिंहगड दोनदा आणि वरंधा एकदा केला आहे (सौ. वरंध्यात एकदा उतरली होती, पण ते इथे लिहू नको म्हणाली आहे), त्यामुळे मी निवांत होतो.

मग लेकीने मिशेलिनचा कागदी नकाशा पाठवला. परवा रात्री जेवणाच्या टेबलावर पसरला, भिंग घेतलं, तर पिवळ्या-पांढऱ्या रस्त्यांवर जागोजागी बारीक बाण. काही ठिकाणी एक, काही ठिकाणी दोन. मला वाटलं एकेरी वाहतूक. तासभर मी "इथून जाता येईल, पण परत येता येणार नाही" असलं काहीतरी सौ.ला समजावत होतो. शेवटी कोपऱ्यातली सूची वाचली. एक बाण म्हणजे ५ ते ९ टक्के चढ, दोन म्हणजे ९ ते १३, तीन म्हणजे त्याहून जास्त. बाणाचं टोक चढाच्या दिशेला. आणि आमचा जवळजवळ प्रत्येक मुक्काम बाणाच्या टोकाला!

आता प्रश्न. नदीकाठचा रस्ता म्हणजे सपाट, हा माझा समज कितपत खरा? दोघांच्या रोड बाईक आहेत, पुढच्या चकत्या ५०-३४ दातांच्या, मागच्या ११-२८, टायर २५ मिमीचे. सौ.ला हे गिअर पुरतील का? सायकली इथून न्याव्यात की तिकडे भाड्याने घ्याव्यात? आणि आम्ही दोघं शाकाहारी, अंडं चालतं. नैऋत्य फ्रान्स म्हणजे बदक आणि बदकच, असं ऐकलंय.

गारोनकाठी:

तुलूझला नऊ वर्षं झाली. हा भाग तीनदा केलाय, त्यातला एकदा चुकीच्या पद्धतीने.

नदीकाठचा रस्ता सपाट असतो हे खरंच. सेले लॉटला मिळते त्याच्या जवळच्या काब्रेरे गावापासून फिझाकपर्यंत सेलेच्या काठाने पन्नासेक किमी जाताना तुम्ही जेमतेम सत्तर मीटर वर चढता. मार्सियाक, एस्पान्याक अशी दगडी गावं, डोक्यावर पिवळट कडे, गाड्या फारशा नाहीत. गोम वेगळीच आहे. इथली नावाजलेली गावं नदीवर नाहीत, कड्यावर आहेत. सॅं-सिर ('सिर्क' नाही, शेवटचा क बोलत नाहीत) लॉटपासून शंभरेक मीटर वर आहे. म्हणजे दिवसभर मजेत पॅडल मारायचं आणि संध्याकाळी पाच वाजता, पाय मऊ झाल्यावर, शेवटचे दोन किमी दात ओठ खात चढायचे. आणि हे रोज. ॲपच्या ७०० मीटरमध्ये हे दिसत नाही, कारण आकडा तोच राहतो.

आपल्या घाटाची सवय इथे थोडी फसवते. घाट लांब, पण बस चढेल अशा बेताने काढलेला. एकदा लय सापडली की तासभर तीच. इथे चढ दीड-दोन किमीचा, पण गावकऱ्याच्या गाढवाने आखल्यासारखा. लय लागेपर्यंत संपतो, किंवा आपण संपतो.

म्हणून मुक्काम खाली ठेवा. सॅं-सिरऐवजी बूझियेसला, अगदी नदीकाठी राहा. तिथून सॅं-सिरला चालत जायची वाट आहे. पूर्वी नावा दोरीने ओढत नेत, त्यासाठी कड्यात कोरून काढलेली. तासाभराची वाट. सायकली खोलीवर ठेवून जा, रोड टायरचं ते काम नाही. रोकामादूरला उलटं करा. फिझाककडून येताना तुम्ही पठारावरच असता आणि गाव खाली दरीत असतं. वर लोस्पितालेला खोली घ्या, देखावा तिथूनच सगळ्यात चांगला. गावात पायी उतरा. देवळांकडे जायला २१६ पायऱ्या आहेत, काही यात्रेकरू त्या गुडघ्यांवर चढत. तुमच्या गुडघ्यांना दुसरं काम आहे.

काओर ते व्हेर गाव हा सुरुवातीचा तुकडा मात्र गाड्यांचा आहे. सकाळी लवकर उरकून टाका.

गिअरबदलू:

गिअरचं उत्तर: नाही पुरणार. १० टक्क्यांवर सामानासकट वहिनी ताशी ६ किमीने चढताहेत असं धरा. ३४-२८ वर (पुढे ३४, मागे २८ दात) मिनिटाला पॅडलचे जेमतेम ३९ फेरे पडतात. ते पॅडल मारणं नव्हे, हापशी मारणं झालं. मागे ११-३४ कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) टाकलीत तर त्याच वेगाला ४८ फेरे. फरक गुडघ्याला कळतो. पण आधी मागचा डिरेल्युअर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) बघून घ्या, आखूड दांडीचा म्हणजे शॉर्ट केज असेल तर ३४ घेणार नाही. चेनही लांब लागेल. हे काम निघायच्या आदल्या आठवड्यात करू नका, महिनाभर आधी करून एखादा घाट मारून या.

टायर फ्रेममध्ये बसत असतील तर २८ टाका. ट्यूबलेसच्या भानगडीत पडू नका.

उतारप्रेमी:

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. उन्हाळ्यात तिकडे ग्रामीण रस्त्यांवर डांबर मारून वर बारीक खडी पसरतात आणि गाड्यांच्या चाकांनी ती दबायची वाट बघतात. 'ग्राव्हियॉं' अशी पाटी दिसली की वेग कमी करायचा. मी ती पाटी वाचून "हे कुठलं गाव?" म्हणालो आणि पुढच्या वळणावर आडवा झालो. कोपराची खूण अजून आहे.

पाण्याचंही लक्षात ठेवा. फिझाक ते रोकामादूरचं पठार, त्याला तिथे 'कॉस' म्हणतात, सगळं चुनखडीचं. पडलेला पाऊस फटींतून थेट खाली जातो, वर ओढा नाही की झरा नाही. जवळच पादिराकला तर जमिनीखाली शंभर मीटरवर नदी वाहते, लोक तिकीट काढून नावेतून बघतात. आणि वर तुम्ही कोरड्या बाटल्या घेऊन बुटक्या ओकांची सावली शोधताय. गावात दुकान नसेल, असलं तर दुपारी बंद असेल. पण दफनभूमी असते आणि फुलझाडांसाठी तिथे नळ असतो. 'ओ नॉं पोताब्ल' असं लिहिलं असेल तर पिऊ नका. नाहीतर निर्धास्त भरा.

शेंगदाणाचटणी:

जेवणाबद्दल: 'सालाद' मागवली की पानं येतील या भ्रमात राहू नका. तिथल्या सालादमध्ये बदकाचे गिझार्ड (जठराचे मांसल तुकडे) घालतात, आणि पहिला घास जाईपर्यंत कळत नाही (अनुभव). शेळीच्या दुधाचं छोटं गोल रोकामादूर चीज, अक्रोड, ऑम्लेट, पाव यांवर सहा दिवस आरामात निघतात. अक्रोडाचा केक प्रत्येक बेकरीत. बटाटा, चीज आणि लसणाचा 'आलिगो' मिळाला तर सोडू नका, पण चढाच्या आधी नको.

सोमवारी लहान गावातल्या बऱ्याच बेकऱ्या बंद असतात. त्यामुळे वार बघून निघा.

गारोनकाठी:

वाराचं बरं काढलंत. बुधवारी सुटा. काओरचा बाजार बुधवारी सकाळी असतो, फिझाकचा शनिवारी. पाचव्या दिवशीचा रविवार सुयाकला पडेल. सोमवारी सार्ला, ते पर्यटकांचं गाव असल्यामुळे उपाशी राहणार नाही. सुयाकच्या पश्चिमेला काझुलेसपासून सार्लापर्यंत जुन्या रेल्वेमार्गावर सायकलवाट केली आहे, पंचवीसेक किमी. तिथे खराखुरा सपाट रस्ता. वहिनींना तो शेवटच्या दिवशी बक्षीस म्हणून द्या.

सायकली भाड्याने घ्या असं मी म्हणेन, फक्त स्वतःची पॅडल आणि सीट न्या. तुलूझ-काओर लोकल गाडीत सायकल फुकट असते, पण हुक मोजके, त्यामुळे पहिली गाडी पकडा. लांब पल्ल्याच्या गाडीत सायकलची जागा वेगळी आरक्षित करावी लागते. आणखी एक: गावाबाहेर अंधारात किंवा धुक्यात चमकतं जॅकेट घालणं कायद्याने सक्तीचं आहे. जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो, पण जवळ ठेवा.

काब्रेरेच्या वर पेश-मेर्लची गुहा आहे, १९२२ साली सापडलेली. ठिपक्यांचे घोडे आहेत भिंतीवर, पंचवीस हजार वर्षांहून जुने. दिवसाला मोजक्याच लोकांना सोडतात, आरक्षण आत्ताच करा. तिथे जाणारा चढ दोन बाणांचा वाटला मला. ढकलत न्या, लाज नाही.

सावकाश:

सगळ्यांचे मनापासून आभार. बदललेला बेत: बुधवारी काओरचा बाजार, संध्याकाळी बूझियेस. गुरुवारी गुहा आणि नदीकाठची पायवाट, सायकल जवळजवळ नाहीच. शुक्रवारी सेलेच्या काठाने फिझाक. शनिवारी बाजार करून लोस्पिताले. रविवारी लाकाव्ह गावावरून सुयाक. सोमवारी सार्ला आणि परत. सायकली भाड्याने, लेकीला दुकानं शोधायला लावलंय, मागे ३४ असेल तरच.

सौ.ने धागा पूर्ण वाचला. "वरंध्याचं लिहिलंस" म्हणून मी आधी तिची बोलणी खाल्ली. तिचे दोन प्रश्न आहेत. सेलेच्या काठाने जाताना दुपारी बारा ते तीन सगळंच बंद असतं का, की मार्सियाकला काही उघडं मिळेल? आणि दफनभूमीशिवाय दुसरीकडे कुठे पाणी मिळतं का. पहिल्याचं उत्तर नाही मिळालं तरी चालेल, दुसऱ्याचं मात्र हवंच आहे.