पोटाच्या भिंतीत रक्त साठलं, तर चाकूची घाई नको (रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांसाठी)

मानेवाड्याची
आई ६८ वर्षांची. १४ वर्षांपूर्वी हृदयाची मायट्रल झडप बदलून धातूची बसवली, तेव्हापासून रोज ॲसिट्रॉम, म्हणजे रक्त पातळ करणारी गोळी. डिसेंबरात खोकला धरला. दुकानातून अँटिबायोटिक आणून पाच दिवस घेतलं. सहाव्या पहाटे खोकल्याची जोरात उबळ आली आणि बेंबीच्या उजवीकडे, खाली, काहीतरी फाटल्यासारखं झालं. दुपारपर्यंत मुठीएवढी गाठ. पोटाला हात लावू देईना.

पहिल्या दवाखान्यात अपेंडिक्स फुटलंय म्हणाले आणि ऑपरेशनच्या कागदावर सही मागितली. मी नाही केली. दुसरीकडे नेलं. तिथल्या सर्जन बाईंनी आईला उताणं झोपवून हात छातीवर घडी घालायला लावले आणि म्हणाल्या, "मावशी, आता नुसती मान उचला." गाठीवरची बोटं त्यांनी काढली नाहीत. मान उचलली तशी आई कळवळली, आणि गाठ हाताला तशीच लागत राहिली. दुखणं पोटाच्या आतलं असतं, तर स्नायू ताठ झाल्यावर त्याची ढाल होऊन दुखणं कमी व्हायला हवं होतं. म्हणजे दुखणं भिंतीतच होतं. आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) ७.२, तिचा ३ च्या आसपास हवा, हिमोग्लोबिन ११ वरून ८.१. सीटीत दिसलं की पोटाच्या सरळ स्नायूच्या आवरणात रक्त साठलंय.

चाकू लावलाच नाही. गोळीचा उतारा म्हणून व्हिटॅमिन के, प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग), दोन पिशव्या रक्त, खाटेवर विश्रांती आणि दर सहा तासांनी हिमोग्लोबिन. तिसऱ्या दिवशी बेंबीखाली कातडी जांभळी-काळी पडली, आम्ही घाबरलो, पण ते आतलंच रक्त कातडीखाली उतरत होतं. आई चालत घरी आली.

माझं ठाम मत: अशा पेशंटचं पोट उघडण्याची घाई करू नये. साठलेलं रक्तच आतून दाब देऊन फुटलेली शीर दाबून धरतं. उघडलं की दाब गेला, आणि पातळ झालेल्या रक्तात वाहती शीर शोधायची कशी? पटत नसेल त्यांनी जरूर लिहा.

रात्रपाळी_रेडिओलॉजी
ताई, मावशी बऱ्या झाल्या, फार बरं वाटलं. चाकूबद्दलचं मतही मान्य. पण "थांबा" हा नियम म्हणून सांगाल तर माझा विरोध आहे. मी रात्री सीटी बघतो.

बेंबीच्या वर त्या स्नायूला पुढून-मागून आवरण असतं, त्यामुळे रक्त कोंडलेलं राहतं आणि तुम्ही म्हणता तो दाब तयार होतो. बेंबीपासून काही बोटं खाली गेलं की मागचं आवरण संपतं. तिथून रक्त मूत्राशयाच्या पुढच्या मोकळ्या जागेत उतरतं. बाहेरून गाठ लहान आणि आत लिटरभर रक्त, हे मी पाहिलंय. मावशींची गाठ खालचीच होती. थांबणं फळलं, पण त्या भरवशावर दुसऱ्याने राहू नये.

सीटी करताना शिरेतून चित्रात उठून दिसणारं औषध सोडून अँजिओ (रक्तवाहिन्यांचं चित्र) करावी. औषध गाठीत झिरपताना दिसलं आणि रक्त देऊनही बीपी, हिमोग्लोबिन टिकत नसेल, तर जांघेतल्या धमनीतून बारीक नळी घालून ती शीर आतूनच बंद करता येते. पोटाच्या भिंतीची खालची धमनी वरच्या धमनीला जोडलेली असते, म्हणून कधी दोन्हीकडून बंद करावी लागते. चाकू नको म्हणजे काहीच नको, असा अर्थ कुणी घेऊ नये.

वैनगंगाकाठ
भाऊ, तुमची रात्रपाळी नागपुरात आहे. मी लाखांदूरकडे दवाखाना चालवतो. इथून नागपूर अडीच तास. तुम्ही अँजिओचं बोलून राहिले, इथे रात्री साधी सोनोग्राफी होत नाही. माझ्या हातात सलाईन अन् व्हिटॅमिन केचं इंजेक्शन आहे. मी ते देतो अन् गाडी काढायला लावतो. थांबा म्हणणारे अन् नळी घाला म्हणणारे, दोघंही मोठ्या दवाखान्याच्या दारात उभे राहून बोलून राहिले.

रात्रपाळी_रेडिओलॉजी
@वैनगंगाकाठ डॉक्टर, गाडी लगेच काढता हे सर्वांत योग्य. फक्त धातूची झडप असेल तर जपून. १० मिलिग्राम के दिलं की पुढे आठवडाभर ॲसिट्रॉम नीट लागत नाही, आणि तेवढ्यात झडपेवर गुठळी होऊ शकते.

वैनगंगाकाठ
बीपी ८० वर आलेल्या माणसाच्या झडपेची चिंता मी नंतर करीन जी. आधी तो नागपूरला जिवंत पोचला पाहिजे.

रात्रपाळी_रेडिओलॉजी
बीपी पडत असेल तर द्याच, त्यात माझं दुमत नाही. शिरेतून, सावकाश. पण त्याचाही पुरता परिणाम दिसायला सहा तास तरी लागतात, त्यामुळे त्या अडीच तासांत त्याच्यावर भिस्त नको. तात्काळ गुण प्लाझ्मा किंवा पीसीसीचाच (रक्त गोठवणाऱ्या घटकांचं इंजेक्शन), ते इथे आल्यावर. मात्र किती के, किती वाजता दिलं, ते चिठ्ठीवर लिहा. कोरी चिठ्ठी घेऊन आलेल्या पेशंटला इथे दुसऱ्यांदा के दिलं जातं. आणि ॲपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन या रक्त पातळ करणाऱ्या दुसऱ्या गोळ्या घेणाऱ्याचा आयएनआर जवळपास नॉर्मल येऊ शकतो, त्यावर विसंबू नका. शेवटची गोळी किती वाजता घेतली ते विचारून लिहा. त्यांच्यात व्हिटॅमिन के कामाचं नाही.

वैनगंगाकाठ
हे मान्य. चिठ्ठीवर वेळ लिहायची सवय मला नव्हती.

त्रिमूर्तीनगर
सगळे रक्त थांबवण्याबद्दल भांडताहेत, माझं भांडण त्यानंतरच्या दिवसांशी आहे. बाबांच्या हृदयाचे ठोके अनियमित, म्हणून गोळी होती. त्यांनाही खोकल्यातून अशीच गाठ झाली. तुम्ही म्हणता तसंच झालं, चाकू नाही, पडून राहिले, बरे झाले. घरी जाताना कागदावर लिहिलं होतं: "रक्त पातळ करणारी गोळी बंद." एवढंच. आम्ही ती इमानदारीत बंद ठेवली. सात आठवड्यांनी सकाळी चहाचा कप त्यांच्या उजव्या हातातून सुटला. तो हात अजून उठत नाही. "पाणी" म्हणायचं असलं की ते नुसते माठाकडे बघतात.

ताई, आई चालत घरी आली तिथे तुम्ही गोष्ट संपवली. आमचीही तिथेच संपली असं आम्हाला वाटलं होतं.

मानेवाड्याची
दादा, वाचून काही वेळ काही लिहिता आलं नाही. आईची गोळी कधी परत सुरू झाली ते मी लिहिलंच नाही, कारण मला ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं. चौथ्या दिवशी हिमोग्लोबिन दोनदा सारखं आल्यावर तिथेच शिरेतून हेपरिनचा (रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा) थेंबथेंब सुरू केला होता. तेव्हा मी डॉक्टरांशी वाद घातला, की आत्ता तर रक्त थांबलंय, परत पातळ का करता? त्या म्हणाल्या, हे बंद केलं की काही तासांत उतरतं, म्हणून पुन्हा वाहिलं तर आवरता येईल, पण धातूच्या झडपेला बिनाऔषधाची ठेवता येत नाही. मी रागाने व्हरांड्यात जाऊन बसले होते.

बाबांची गोळी आता चालू आहे का?

त्रिमूर्तीनगर
चालू आहे. मीच देतो, रात्री साडेआठला, डाव्या हातात.