उर्सुला फ्रँकलिन यांचं कुणी वाचलंय का?

चिंचवडची_टेस्टर: गोदामातल्या कामगारांच्या हालचाली मोजणाऱ्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करते. पॅकिंगवरची बाई जरा थांबली की स्क्रीनवर तिची ओळ लाल. एकाने या कॅनेडियन भौतिकशास्त्रज्ञ बाईंचं नाव सुचवलं. नैतिकतेच्या प्रवचनांचा मला कंटाळा आहे. यांच्याकडे कामाचं काही मिळेल का?

धातुवेडी: मिळेल, कारण बाई प्रयोगशाळेतल्या. जन्म म्युनिकचा, १९२१. आई ज्यू, त्यामुळे नाझींच्या श्रमछावणीत दिवस काढले. १९४८ला बर्लिनमध्ये डॉक्टरेट, मग कॅनडा. साठच्या दशकात अणुचाचण्या जोरात होत्या. त्यातून पसरणारा किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम-९० कॅल्शियमसारखं वागतो, दुधातून येऊन हाडा-दातांत बसतो. म्हणून ‘व्हॉइस ऑफ विमेन’ या कॅनडातल्या शांतता-संघटनेच्या बायकांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले आणि यांनी त्या मोजणीला शास्त्रीय बळ दिलं. नुसता निषेध नाही, हातात पुरावा.

तुमच्या कामाचं मात्र त्यांच्या १९८९च्या मॅसी व्याख्यानांत (कॅनडाच्या रेडिओवरची व्याख्यानमाला) आहे. प्राचीन चीनमधली काशाची ओतीव भांडी हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. साचा एकाचा, ओतकाम दुसऱ्याचं, प्रत्येकाने ठरलेला तुकडा ठरल्याबरहुकूम करायचा. आपल्या तांबट आळीतला कारागीर घंगाळ घडवताना कुठे थांबायचं ते स्वतः ठरवतो, इथे ते वरून ठरतं. अशा कामातून आज्ञाधारकपणाची सवय लागते, हा बाईंचा मुद्दा. मला तो बॉम्बच्या चर्चेपेक्षाही मोलाचा वाटतो.

पोटार्थी: छान. पण तिने नाही म्हटलं तर कंपनी दुसरी टेस्टर घेईल. हप्ते कोण भरणार?

धातुवेडी: नोकरी सोडा असं कुठे म्हटलंय? प्रकल्प हाती घेताना विचारायचे प्रश्नच त्यांनी दिलेत: न्याय वाढतो का? फायदा कुणाला, तोटा कुणाला? माणसापेक्षा यंत्राला झुकतं माप मिळतंय का? चुकलं तर मागे फिरता येईल का? आणि पगाराचं म्हणाल, तर निवृत्तीनंतर त्यांनी इतर प्राध्यापिकांसोबत टोरंटो विद्यापीठावरच कमी पगारासाठी दावा लावला. २००२ला तडजोड झाली, भरपाई मिळाली. हप्त्यांची जाण होती हो बाईंना!

चिंचवडची_टेस्टर: तो ‘मागे फिरता येईल का’ अगदी नेमका लागू पडतो. आमच्याकडे लाल ओळ थेट महिन्याच्या रिपोर्टात जाते. ती बाई पाणी प्यायला गेली होती की टेप संपली होती, हे लिहायला रकानाच नाही. उद्या त्याचाच बग, म्हणजे दोषाची नोंद, टाकते. सिव्हिरिटी (गंभीरता) ‘हाय’ ठेवू ना?

पोटार्थी: ‘क्रिटिकल’ ठेवा. ‘हाय’ कुणी उघडूनही बघत नाही.