काकडीच्या कोशिंबिरीला डब्यात पाणी सुटते, काय करू?

त्रिमूर्तीनगरवाला:
बायको बाळंतपणाला माहेरी अमरावतीला गेली आहे, त्यामुळे महिनाभर डबा मीच करून राहिलो. पोळ्या बाई करून जातात, भाजी मला जमेल तशी. पण या मे महिन्याच्या उन्हात भाजी घशाखाली उतरत नाही, म्हणून रोज कोशिंबीर. सकाळी साडेसातला दोन काकड्या किसतो, फल्लीदाण्याचा कूट, मीठ, साखर, लिंबू, हिंग-मोहरीची फोडणी, वरून सांभार (कोथिंबीर). तेव्हा चव एक नंबर. नागपूरच्या मिहानात, ऑफिसात दीड वाजता डबा उघडला की खाली बोटभर पाणी अन् वर कुटाचा चिखल. काल तर झाकणातून गळून पोळ्या भिजल्या, बॅगेला अजून हिंगाचा वास येतो. दही घालून पाहिलं, दुपारपर्यंत आंबट ढाण. त्यात परवा आणलेल्यातली एक काकडी कडू निघाली. बायकोला फोन केला तर ती नुसती हसूनच राहिली.

महालची काकू:
अरे बाबा, सकाळी साडेसातला मीठ काहून घालतोस? काकडीत 100 ग्रॅमला 95 ग्रॅम पाणीच असते. मीठ लागलं की ते बाहेर येणारच, त्यात तुझा काय दोष.

अन् आधी ती किसणी ठेव बाजूला. काकडी चोचव. सोललेली काकडी डाव्या हातात उभी धरायची, वरून सुरीने जवळजवळ खाचा मारायच्या, थोडी फिरवायची, पुन्हा मारायच्या. मग आडवे पातळ काप काढले की बारीक बारीक तुकडे पडतात, दाताखाली कुरकुरतात. घाई करू नको, माझ्या डाव्या अंगठ्यावर 22 वर्षांची खूण आहे.

डब्यात नुसती काकडी अन् थंड झालेली फोडणी. छोट्या डबीत कूट, मीठ, साखर कोरडंच. लिंबाची फोड वेगळी. जेवायला बसला की कालव.

उपाशी_बर्डीवाला:
एवढ्या डब्या सांभाळणं बॅचलर माणसाला जमत नाही, काकू. मी मीठ लावून दहा मिनिटं ठेवतो, मुठीत घट्ट पिळतो, मग कूट. पुन्हा मीठ नाही. पाणी जिरेपूड टाकून पिऊन घेतो.

महालची काकू:
चालते. पण कणीक भिजव त्या पाण्यात, पोळीची चव पाहा.

बागवाली_ताई:
कडूपणाचं सांगते. तो देठाकडे अन् सालीखाली जास्त असतो. वेलाला ऊन जास्त अन् पाणी कमी पडलं की वाढतो, माझ्या गच्चीवरच्या वेलाचं दर मे महिन्यात हेच रडगाणं. देठाकडचा तुकडा आधी चाखायचा. कडू लागला तर पुढे चाखत चाखत कापायची, सगळीच कडू असेल तर सरळ टाकायची. टोक घासून फेस काढायची आमच्याकडेही पद्धत आहे, मला तरी कडू ती कडूच लागली.

महालची काकू:
फेस काढायचा म्हणजे काढायचाच, ताई.

त्रिमूर्तीनगरवाला:
आज काकूंच्या पद्धतीने केली. चोचवायला वीस मिनिटं लागली, तुकडे एकसारखे नाहीत, पण डब्यात पाण्याचा थेंब नाही. शेजारच्या टेबलावरच्याने अर्धी संपवली. फक्त कूट-मिठाची डबी घरीच ओट्यावर राहिली. कॅन्टीनमधून मीठ मागून आणलं, कुटाऐवजी चिवड्यातले दाणे वेचून टाकले.